म्हातारपणीचा विसर आणि मेंदूचा एमआरआय : आधी कळतं ते किती आणि कशावरून?

उपकेंद्रावरून

आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका आधी ओळखायची सरकारी प्रश्नावली) भरतात. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? 'हो'वर खूण पडली की पुढची वाट मात्र कुणी नीट आखून दिलेली नाही. काही घरं 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देतात. काही घरं सोयाबीनचे पैसे हातात आले की थेट शहरात नेऊन एमआरआय काढतात आणि फिल्मचं पाकीट घेऊन येतात. रिपोर्टात एक ओळ असते : वयोमानानुसार मेंदूचं आकुंचन. त्या ओळीवरून पुढं काय होणार ते ना घरच्यांना कळत, ना मला.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशभरच्या पाहणीत साठीच्या पुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं (रोजची कामं सुटतील इतक्या विसराचं) प्रमाण ७.४ टक्के निघालं, आणि खेड्यात ते शहरापेक्षा जास्त आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्याच दारातला आहे. जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. कुणाला स्कॅनला पाठवायचं? चिठ्ठीवर काय लिहायचं? आणि चित्र पाहून पुढच्या दोन-चार वर्षांबद्दल खरोखर किती बोलता येतं?

कोरोनल_काप

चिठ्ठीपासून सुरू करतो, कारण निम्मं काम तिथंच बिघडतं. 'एमआरआय ब्रेन' एवढंच लिहिलं की नेहमीचा संच निघतो, ५ मिलिमीटर जाडीचे आडवे काप. ज्या भागाकडं बघायचं तो हिपोकॅम्पस (नव्या आठवणी घडवणारा भाग) उंचीला जेमतेम सेंटीमीटरभर. जाड आडव्या कापात तो दोन चित्रांत येतो आणि जातो. मग रिपोर्ट लिहिणाऱ्याकडं 'वयोमानानुसार' याशिवाय शब्द उरत नाही.

चिठ्ठीवर 'डिमेन्शिया प्रोटोकॉल' असं स्पष्ट लिहा आणि खाली घटक, म्हणजे कोणकोणत्या प्रकारची चित्रं हवीत ते द्या : थ्रीडी टी-वन (मेंदूची बारीक रचना, १ मिलिमीटरचा), फ्लेअर (पांढऱ्या डागांसाठी), टी-टू, एसडब्ल्यूआय (बारीक रक्तस्रावांसाठी), डिफ्युजन (ताज्या झटक्यासाठी). १.५ टेस्लाच्या मशीनवर हे सगळं साधारण २५ ते ३० मिनिटांत होतं. नुसत्या विसरभोळेपणासाठी शिरेतून रंगाचं इंजेक्शन लागत नाही. गाठ किंवा संसर्गाचा संशय असेल तर गोष्ट वेगळी.

आता चित्र कसं वाचायचं. थ्रीडी टी-वनमधून हिपोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात उभे काप काढायचे. त्यात कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडं, सुरळीच्या वडीसारखी एक गुंडाळी दिसते. तोच हिपोकॅम्पस. निरोगी माणसात ती गुंडाळी भरीव असते आणि आजूबाजूला काळं पाणी जवळजवळ नसतं. शेल्टेन्स यांनी १९९२ मध्ये दिलेली ० ते ४ अशी श्रेणी आहे, तिला एमटीए म्हणतात. गुंडाळीच्या वरच्या बाजूची फट किंचित रुंदावली तर १. शेजारचं टेम्पोरल हॉर्न (पाण्याच्या पोकळीचं टोक) उघडलं तर २. गुंडाळीची उंचीच कमी झाली तर ३. वडीचं फक्त पापुद्र्यासारखं काही उरलं आणि भोवती पाणीच पाणी, तर ४. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजायची.

वयाचा हिशेब इथं फार महत्त्वाचा. ७५ च्या आत २ किंवा जास्त आलं तर ते वयाला शोभणारं नाही. ७५ च्या पुढं २ नेहमीचं धरतात, ३ पासून काळजी. डाव्या-उजव्या बाजूचे हे दोन आकडे रिपोर्टात नसतील तर परत फोन करून मागा. रेडिओलॉजिस्ट नक्की देतो, त्याला कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

फिरता_दवाखाना

कोरोनलभाऊ, सगळं बरोबर, पण क्रम चुकतोय असं मला वाटतं. आपल्याकडं विसर घेऊन येणाऱ्या माणसाला आधी बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, सोडियम, साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). गावाकडच्या शाकाहारी माणसात बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आहे की ती न पाहता मेंदूचं चित्र वाचणं म्हणजे विहिरीत पाणी आहे का ते न बघता मोटार दुरुस्त करत बसणं. मग ऐकू येतं का ते बघा. कमी ऐकणारा माणूस प्रश्न चुकवतो आणि आपण त्याला विसर म्हणतो. मग झोप, दारू, मन उदास आहे का, आणि झोपेच्या किंवा पोटदुखीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते.

दुसरं, विसर किती वेगानं वाढला ते विचारा. दोन-तीन महिन्यांत माणूस बदलला, डोकं दुखतं, एक पाय ओढतो, आणि मधे कधीतरी बंडीवरून किंवा मोटारसायकलवरून पडला होता, तर एमआरआयच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी सीटी. म्हाताऱ्या माणसात मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठतं, पडल्याची आठवण घरच्यांनाही उरत नाही. एक ते तीन आठवड्यांचं रक्त सीटीवर मेंदूच्याच रंगाचं दिसतं, त्यामुळं रक्ताचा वेगळा पांढरा पट्टा शोधू नका. मेंदूच्या घड्या एका बाजूला पुसट झाल्या का आणि मधली रेघ सरकली का ते बघा. हे रक्त वेळेत काढलं तर माणूस पुन्हा शेतात जातो.

तसंच पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही आणि विसर, ही तिन्ही एकत्र असतील तर पाण्याच्या पोकळ्या मोजायला सांगा. पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची रुंदी भागिले कवटीची आतली रुंदी ०.३ च्या वर गेली तर नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलसचा (मेंदूत पाणी साठण्याच्या आजाराचा) विचार करायचा. नुसत्या मेंदू सुकण्यानंही पोकळ्या मोठ्या होतात, म्हणून उभ्या कापात कॉर्पस कॅलोसमचा (मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याचा) कोन बघतात. तो ९० अंशांपेक्षा कमी असेल तर संशय पक्का होतो.

कोरोनल_काप

क्रम तुमचाच बरोबर, मान्य. आणि एक भर : तालुक्याला फक्त सीटी असेल तर तीही वाया जात नाही. आजच्या सीटीतून उभे काप पुन्हा बनवता येतात आणि त्यावर एमटीए चांगला मोजता येतो. फक्त चिठ्ठीवर 'कोरोनल रिफॉरमॅट' (म्हणजे हेच उभे काप) लिहायला विसरू नका. बारीक रक्तस्राव आणि पांढऱ्या भागातले सुरुवातीचे डाग मात्र सीटीत हुकतात.

गँट्री

टेबलाजवळचं सांगते, कारण चांगली चिठ्ठी घेऊन आलेलं चित्रही इथं बिघडतं.

आपल्याकडच्या आजीच्या अंगावरची प्रत्येक वस्तू आदल्या दिवशी घरी मोजायला सांगा : डोरलं, पोत, जोडवी, नथ, बांगड्या, आजोबांचा करदोडा, दंडातला ताईत. जोडवी वर्षानुवर्षं बोटात रुतलेली असतात. सेंटरवर येऊन साबण लावत बसण्यात पाळी जाते, म्हणून घरीच तेल लावून काढा. कवळी काढायची. डोळ्यातलं काजळ ओल्या कापडानं पुसायचं. श्रवणयंत्र बाहेर ठेवायचं, पण ते काढण्याआधी सगळ्या सूचना देऊन घ्यायच्या. जुनं गोंदण असेल तर सांगून ठेवा, क्वचित चरचरतं, त्यावर थंड ओलं फडकं ठेवतात. मोतीबिंदूचं भिंग चालतं, त्याची भीती नको.

खरं विचारायचं ते हे : पेसमेकर, मेंदूतली क्लिप, अंगात राहिलेले छर्रे, आणि वेल्डिंग किंवा थ्रेशरवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. याला 'हो' आलं तर कागद पाहिल्याशिवाय आत न्यायचं नाही.

आत गेल्यावर हलणं हा सगळ्यात मोठा शत्रू. थ्रीडी टी-वन पाच-एक मिनिटांचा असतो आणि तो एकसंध भरतो. मधे खोकला आला तर एक काप नाही, सगळीकडं लाटा उमटतात. म्हणून लघवी करून घेणं, गुडघ्याखाली उशी, कानात बोळे आणि वरून हेडफोन, आणि थ्रीडी टी-वन सगळ्यात आधी काढणं. शेवटी ठेवला की म्हातारं माणूस कंटाळलेलं असतं. घरचं एक ओळखीचं माणूस पायाशी हात लावून बसलं तर गुंगीचं औषध टळतं. ते औषध टाळाच, या वयात त्यानं दोन दिवस भ्रम होऊ शकतो.

हललेल्या चित्राचा धोका नीट समजून घ्या. डोळ्याला ते थोडं पुसट दिसतं, पण मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरला तोच मेंदू बारीक भासतो. विसराळू माणसं जास्त हलतात. मग आकडा खोटा असूनही अंदाजाला जुळतो आणि कुणी शंका घेत नाही.

उपकेंद्रावरून

गँट्रीताई, उपाशी आणायचं का? इथून पहाटेच्या एसटीनं निघालेली माणसं 'तपासणी आहे' म्हणून पाणीही पीत नाहीत. मे महिन्यात तर जीव जातो.

आकडेमोड

साध्या एमआरआयला उपाशी राहायची गरज नाही, आणि पाण्याचा मुद्दा दिसतो त्याहून मोठा आहे. २००५ मध्ये 'न्यूरॉलॉजी'त आलेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना १६ तास पाण्याविना ठेवलं, तर मेंदूचं आकारमान सरासरी ०.५५ टक्क्यांनी घटलं. पाणी दिल्यावर ते परत वाढलं. आता वर्षाला होणारी खरी घट मोजायची तीही अशीच लहान असते. चंद्रपूर-यवतमाळच्या ४५ अंशांच्या उन्हात सहा तास प्रवास करून आलेल्या माणसाचा मेंदू मोजला आणि पुढचा स्कॅन पौषात केला, तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी काय सांगणार? मौसम, दिवसाची वेळ, पाणी, सगळं दोन्ही वेळा सारखं ठेवा. सेंटरवर पोचल्यावर सावलीत बसवून दोन पेले पाणी द्या, तासभर थांबा, मग लघवीला पाठवून आत घ्या.

हिपोकॅम्पस एका बाजूचा साधारण ३ ते ४ घनसेंटीमीटर. बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज केल्यावर अल्झायमरमध्ये तो वर्षाला सरासरी ४.७ टक्के आणि त्याच वयाच्या निरोगी माणसात १.४ टक्के घटतो असं निघालं. ३ घनसेंटीमीटरवर ते होतं ०.१४ आणि ०.०४. एवढासा फरक धरायचा आहे. मशीन बदललं, डोक्याभोवतीची कॉइल बदलली, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, तर होणारी चूक या फरकाएवढी किंवा मोठीही होऊ शकते. म्हणून दुसरा स्कॅन त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर. फिल्म नको, डायकॉम फाइल (मशीनची मूळ डिजिटल चित्रं) असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह हवा. फिल्मवरून मोजता येत नाही.

दोन स्कॅनमध्ये किमान वर्षाचं अंतर ठेवा. सहा महिन्यांत काढून घरच्यांना घाबरवण्यात किंवा धीर देण्यात, दोन्हीत तथ्य नाही.

पांढरं_सोनं

आता सेंटरवाले संगणकाचा रिपोर्ट देतात, त्यात 'तुमचा मेंदू अमुक वर्षांचा' असंही असतं. वय ६६ आणि मेंदू ७३. यावरून भाकीत करता येईल का?

आकडेमोड

एका माणसापुरतं, नाही. संगणकाची ही प्रारूपं निरोगी माणसाचं वय ओळखतानाच साधारण तीन ते पाच वर्षांनी चुकतात. म्हणजे सातातली बरीचशी वर्षं चुकीच्या पट्ट्यातच गेली. शिवाय ती शिकली बहुतेक युरोप-अमेरिकेच्या चित्रांवर : अमेरिकेतला अडनी हा अल्झायमरचा अभ्यास २००४ पासून, ब्रिटनमधल्या यूके बायोबँकेचे स्कॅन २०१४ पासून. आपल्या माणसाची कवटी सरासरीनं लहान. कवटीच्या आतल्या एकूण आकारमानानं (आयसीव्ही) भागून घेतलं नसेल तर लहान डोक्याच्या निरोगी आजीलाही 'हिपोकॅम्पस कमी' असा शेरा मिळतो. रिपोर्टात 'आयसीव्हीनं समायोजित' हे शब्द आहेत का ते आधी बघा. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१९ मध्ये भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला, पण तो शंभर तरुण माणसांचा. म्हाताऱ्यांसाठी जी आशा आहे ती कर्नाटकातल्या श्रीनिवासपुरातून : बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा सॅन्सकॉग अभ्यास, पंचेचाळिशीच्या पुढच्या दहा हजार खेड्यातल्या माणसांना वर्षानुवर्षं तपासायचं उद्दिष्ट, त्यात एमआरआयही. शेतीवर राबलेल्या, शाळा कमी शिकलेल्या माणसांचा मापदंड तिथूनच येऊ शकतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : चाचणी कुणावर करता. समजा एखादी चाचणी ८० टक्के खऱ्यांना पकडते आणि ८० टक्के निरोग्यांना बरोबर सोडते. गावातले १००० म्हातारे घेतले, त्यातल्या ५० जणांचं स्मरण तीन वर्षांत घसरणार आहे. चाचणी ४० जणांना पकडेल, आणि ९५० निरोग्यांपैकी १९० जणांनाही उगाच बोट दाखवेल. २३० जणांना भीती, खरे त्यातले ४०. म्हणजे सहातला एक. तीच चाचणी आधीच विसर सिद्ध झालेल्या १०० जणांवर करा, ज्यातले ४० घसरणार आहेत. ३२ खरे, १२ खोटे. आता चारातले जवळपास तीन खरे. मशीन तेच, आधीची गाळणी वेगळी.

म्हणून तक्रार नसलेल्या माणसाचा 'बघून घेऊ' म्हणून स्कॅन काढू नये, या मतावर मी ठाम आहे.

फिरता_दवाखाना

आणि ती गाळणी गावातच लागते, फुकट. शाळा न शिकलेल्या आजीला एमएमएसई (स्मरण आणि समज तपासणारी प्रश्नावली) लावून 'वाक्य लिहा' म्हणायचं हा अन्याय आहे. हरियाणातल्या बल्लभगडला नेमकं याचसाठी तिची हिंदी आवृत्ती एचएमएसई तयार झाली, १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. 'हे वाचा आणि करा' याच्या जागी 'माझ्या तोंडाकडं बघा, मी करतो तसं करा' म्हणून डोळे मिटायचे. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काही सांगायला लावायचं. मराठीत घेताना शब्द आपले घ्या, गुण देण्याची रीत मात्र बदलू नका.

घरच्यांची मुलाखत वेगळी, आणि माणूस समोर नसताना. त्यासाठी आयक्यूकोड या प्रश्नावलीचे १६ प्रश्न आहेत, दहा वर्षांपूर्वीच्या मानानं आता कसं. पण उदाहरणं शेतातली द्या. आठवडी बाजारातून उरलेले पैसे बरोबर आणते का? फवारणीच्या पंपात किती टाकायचं ते स्वतः ठरवतो की विचारतो? पोळ्याची तयारी कुठून सुरू करायची ते उमगतं का? भाकरी थापता थापता पीठ परत भिजवायला घेते का? नाव आठवत नाही यापेक्षा रोजचं काम सुटलं, ही खूण जड आहे.

कोरोनल_काप

एमटीएवरच थांबू नये. विदर्भात मला जास्त काळजी वाटते ती फ्लेअरवरच्या पांढऱ्या डागांची, कारण बीपी मोजलेलं नसतं आणि मोजलं तर गोळी अधेमधे सुटते. फझेकासची श्रेणी १९८७ ची, ० ते ३. टिकल्यांसारखे सुटे ठिपके म्हणजे १. ठिपके एकमेकांना मिळायला लागले की २. ढग एकजीव झाला की ३. टिकल्या म्हातारपणात दिसतातच, त्यावर घाबरायचं कारण नाही. पण ३ आलं तर ते गंभीर भाकीत आहे. युरोपातल्या लॅडिस अभ्यासात स्वतःचं स्वतः करणारी ६५ ते ८४ वर्षांची माणसं तीन वर्षं पाहिली. परावलंबी होण्याचं किंवा दगावण्याचं वर्षाचं प्रमाण सौम्य डागांत १०.५ टक्के, मध्यम १५.१ आणि तीव्र डागांत २९.५ टक्के निघालं. एका चित्रावरून एवढं स्पष्ट बोलता येणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत.

आणि हे भाकीत थोडं तरी हलवता येतं. बीपीच्या औषधोपचाराच्या २०१९ च्या स्प्रिंट-माइंड अभ्यासात वरचं बीपी १२० च्या आत ठेवलेल्या गटात सौम्य स्मृतिदोष १९ टक्क्यांनी कमी निघाला. चारेक वर्षांत पांढरे डाग ०.९२ घनसेंटीमीटर वाढले, १४० चं लक्ष्य असलेल्या गटात १.४५. उभं राहिल्यावर चक्कर येते का ते मात्र बघत बघत खाली आणायचं.

एसडब्ल्यूआयबद्दल एक खाचखळगा. काळे ठिपके दिसले की 'मायक्रोब्लीड' (बारीक रक्तस्राव) लिहून मोकळं होऊ नये. आपल्याकडं जुन्या सिस्टिसरकोसिसच्या (पट्टकृमीच्या अळ्यांच्या) चुन्याच्या गाठी असतात, त्याही तिथं काळ्याच दिसतात. एसडब्ल्यूआयसोबतच येणारं फेज चित्र उघडा. रक्ताचं लोह आणि चुना तिथं उलट रंगाचे येतात. कोणता रंग कशाचा हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून त्याच चित्रातल्या शिरेशी ताडून बघा : शिरेसारखा रंग तर रक्त, उलट तर चुना. तरी शंका असेल तर सीटीचे चार काप पुरतात. हा फरक औषधासाठी लागतो. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमिलॉइड प्रथिन काढणारी लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं चारपेक्षा जास्त मायक्रोब्लीड असणाऱ्याला देत नाहीत.

पांढरं_सोनं

पेट स्कॅनचं काय? नागपूरला नेऊ का, असं लोक विचारतात.

गँट्री

एफडीजी पेटमध्ये (साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचून काढलेल्या स्कॅनमध्ये) मेंदूचा कोणता भाग साखर कमी खातो ते दिसतं. अल्झायमरमध्ये कानामागचा-टाळूचा भाग आणि मागचा सिंग्युलेट (मेंदूच्या मधल्या रेघेलगतचा मागचा भाग) आधी मंदावतो, कधी कधी आकार घटायच्याही आधी. पण त्यातलं फ्लोरीन-१८ ११० मिनिटांत अर्धं होतं, म्हणून ते औषध माणसाकडं येत नाही, माणसानंच तिकडं जायचं. इथं मात्र उपाशी राहावं लागतं, चार ते सहा तास, पाणी चालतं. साखर २०० च्या वर असेल तर परत पाठवतात, कारण रक्तातली साखर औषधाची जागा अडवते. मधुमेह्याची तारीख सकाळची घ्या आणि औषध-इन्सुलिनचं सेंटरला आधी विचारा. सुई दिल्यावर अर्धा तास मंद उजेडात, शांत, न बोलता. त्या वेळी नातेवाईक गप्पा मारत बसला तर मेंदूचे तेच भाग उजळतात.

एमआरआय आणि मुलाखत दोन्हीत उत्तर मिळालं असेल तर पेटनं उपचार बदलत नाही. वय कमी असेल, किंवा विसराऐवजी वागणूक वा बोलणं आधी बिघडलं असेल, तर मात्र जाण्यात अर्थ आहे.

आकडेमोड

पुढच्या काही वर्षांत पहिली पायरी रक्ताची होईल असं दिसतं. पी-टाऊ२१७ या अल्झायमरमध्ये रक्तात वाढणाऱ्या प्रथिनावर आधारलेल्या तपासणीला मे २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ५५ च्या पुढच्या आणि लक्षणं असलेल्यांसाठी. मूत्रपिंड कमजोर असेल तर हा आकडा उगाच वाढतो, म्हणून वर सांगितलेलं क्रिएटिनिन तिथंही लागेल.

उपकेंद्रावरून

चिठ्ठी अशी लिहितो, तपासून द्या :

वय ६८, शिक्षण दुसरी. वर्षभरापासून बाजारहाट आणि भाकरी करणं सुटत चाललं, सुनेची मुलाखत सोबत. एचएमएसई सोबत. बी-१२, टीएसएच, क्रिएटिनिन झालं. पडल्याचा इतिहास नाही. डिमेन्शिया प्रोटोकॉल, थ्रीडी टी-वन आधी. एमटीए डावा-उजवा, फझेकास, मायक्रोब्लीडची संख्या, जुने इन्फार्क्ट कुठं ते कळवावं. डायकॉम सीडी द्यावी.

कोरोनल_काप

उत्तम. बीपीचा आकडा आणि ती कोणत्या हातानं काम करते ते घाला. इन्फार्क्टच्या (रक्त न पोचल्यानं मेलेल्या भागाच्या) पुढं 'थॅलॅमस विशेष पाहावा' लिहा, मेंदूच्या खोल मधल्या त्या भागातला वाटाण्याएवढा डागही एकटा माणसाचं लक्ष आणि स्मरण पाडतो आणि जाड कापात निसटतो. सीडीवर मशीनचं नाव, तारीख आणि सकाळ की दुपार हे मार्करनं लिहून ती सीडी फिल्मच्या पाकिटात नाही, रेशनकार्डासोबत ठेवायला सांगा. पाकीट पुढच्या वर्षी सापडत नाही.